धुळ्याच्या मांडवातली मुलाखत

माझ्या सासुरवाडीला शेजारच्या घरात एक शिंपी राहायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून लग्नानंतर मीही म्हणायला लागलो. धुळ्यातल्या त्या जुन्या भागात गल्ल्यांना नावांपेक्षा नंबरच जास्त चालतात. मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे मला ते गाव पहिल्या भेटीतच आवडलं होतं. चाचांचं दुकान आणि घर एकाच ओट्यावर होतं. बाहेर मशीन, आत संसार. त्यांचा थोरला मुलगा आखातात एका मोठ्या बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. त्याला सगळे भाई म्हणायचे.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली आहे. मी तेव्हा जळगावला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये अकाउंटंट होतो. बी.कॉम. झालेला, लग्न होऊन वर्ष उलटलेला, नव्या पेठेत दोन खोल्यांत राहणारा. नोकरी वाईट नव्हती. आमचे शेठजी राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या जैन घराण्यातले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण ते मन दिसू नये याची ते फार काळजी घेत. कापसाच्या हंगामात आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसे, आणि हंगाम संपला की मी टेबलाशी बसून समोरच्या कडुलिंबावरच्या खारी बघत असे. अशाच एका उन्हाळ्यात माझ्या डोक्यात यायला लागलं, की खरोखरच्या मोठ्या कंपनीत, जिथं जहाजं येतात आणि बंदरं बांधली जातात, तिथं हिशेब कसा ठेवत असतील? हा प्रश्न मी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

भाई सुट्टीवर आला होता तेव्हा मी आणि बायको धुळ्याला होतो. त्यानं आणलेला टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला होता आणि गल्लीतली निम्मी माणसं त्याच्याभोवती बसली होती. गाणी संपल्यावर भाईनं त्यावर चाचांचा आवाज रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवला. चाचा ऐकून गंभीर झाले. म्हणाले, "हा मी नही शे." सगळे हसले. मग भाई माझ्याकडे वळला.

"दाजी, तुम्ही बी.कॉम. ना?"

"हो."

"आमच्याकडे अकाउंटवाले कायम लागतात. आमचा चीफ अकाउंटंट दरवर्षी मुंबईला येतो माणसं निवडायला. तुम्ही अर्ज द्या, मी हातानं नेतो."

मी "बघू" म्हणालो. भाईनं पगाराचा आकडा सांगितला. माझ्या सासऱ्यांनी तो परत एकदा सांगायला लावला. मी पुन्हा "बघू" म्हणालो.

माझी बायको खिडकीच्या आत बसून शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण घरात काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जळगावच्या एस.टी.त बसलो, पारोळा मागे गेलं, आणि मग तिनं विचारलं, "अर्ज कधी करताय?"

"तू एकटी काय करशील इथं? तिकडं बायकोला नेता येत नाही म्हणे."

"एकटी कशानं? धुळ्याला राहीन आणि बी.एड. करीन. लग्नामुळे राहूनच गेलं ते. तुम्ही परत याल तेव्हा आपण दोघंही कामाचे असू."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मला कळलं, तिनं रात्रीतच सगळं ठरवून टाकलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एरंडोल येईपर्यंत माझंही ठरलं.

अर्ज टाइप करून घ्यायला मी पुन्हा धुळ्याला गेलो, कारण जळगावच्या टायपिंग क्लासमध्ये शेठजींच्या ओळखीचं कोणी ना कोणी असायचंच. टायपिस्टबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अनुभव म्हणून काय लिहू?" मी म्हणालो, "जिनिंग-प्रेसिंगमधला अकाउंटंट." त्या म्हणाल्या, "परदेशातल्या माणसाला जिनिंग म्हणजे काय कळणार?" आम्ही दोघांनी बराच विचार केला. शेवटी कापसापासून सरकी वेगळी करणारा कारखाना असं एक लांबलचक इंग्रजी वाक्य तयार झालं. ते वाचून मलाच वाटलं, की मी फार मोठ्या ठिकाणी काम करतो.

फोटोसाठी स्टुडिओत कोट ठेवलेला असायचा. तो कोट पाठीमागून उभा फाडलेला होता, म्हणजे कुठल्याही जाडीचा माणूस त्यात मावेल. समोरून साहेब, मागून बनियन. मी तो घालून फोटो काढून आलो आणि सहज चाचांना दाखवला. चाचांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"जवाईबापू, हाऊ कोट कोना शे?"

"स्टुडिओचा."

"भाड्याना कोट घालीसन विलायतले जाशी?" त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभं ऱ्हाय. मी शिवस."

मी पुष्कळ सांगितलं, की अजून काही ठरलं नाही, नुसता अर्ज आहे. चाचांनी माझे खांदे मोजून टाकले होते. कुणा वकिलानं एकदा शिवायला टाकून परत न नेलेलं गरम कापड त्यांच्याकडे पडून होतं, काळपट करड्या रंगाचं. "वकिलाचं कापड आहे, लाभेल तुम्हाला," भाई हसत म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो अर्ज घेऊन परत गेला.

मग सुरू झाली इंग्रजीची तयारी. वाचायला आणि लिहायला मला इंग्रजी येत होतं. बोलायची वेळ कधी आली नव्हती. जळगावात कोणाशी इंग्रजी बोलणार? बँकेचे मॅनेजरसुद्धा "काय म्हणतो कापूस?" असंच विचारायचे. म्हणून मी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून त्यांच्या मागोमाग म्हणायचो. निवेदक जसे शब्द स्वच्छ धुऊन वाळत घातल्यासारखे एकेक ठेवायचा, तसे मीही ठेवायला लागलो. संध्याकाळी बायको माझी परीक्षा घ्यायची. तांदूळ निवडता निवडता ती एका मार्गदर्शक पुस्तकातून प्रश्न विचारी.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ."

मी उभा राहून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही बातम्या देताय. स्वतःबद्दल सांगा."

"तेच सांगतोय."

"मग तुमच्या घरी काल पूर आला होता असं का वाटतंय?"

आम्ही दोघं हसायचो, आणि मी परत पहिल्यापासून सुरू करायचो. खरं सांगायचं तर ते दिवस आमच्या लग्नातले सगळ्यात छान दिवस होते. लग्न ठरवताना दोघांना एकमेकांशी जे बोलता आलं नव्हतं ते आम्ही त्या मुलाखतीच्या प्रश्नांमधून बोललो. तुमचा मोठा गुण कोणता, मोठा दोष कोणता, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल. दोषाच्या प्रश्नाला मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की मी फार मेहनत करतो. ती म्हणाली, "हे लिहिणाऱ्याला बायको नसावी." मग तिनं माझे खरे दोष सांगितले, मराठीत.

इतकं सगळं चाललं होतं, पण शेठजींना मी काही सांगितलं नव्हतं. काही ठरलं की सांगू, असा विचार होता. मधल्या काळात मी पासपोर्टचा अर्ज मात्र मुंबईला पाठवून दिला होता. त्याची पोलिस चौकशी होते हे मला ऐकून माहीत होतं. ती अशी होते हे माहीत नव्हतं.

एके दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना एक हवालदार फाइल काखेत मारून जिनिंगच्या फाटकातून आत आला. बायको माहेरी गेली होती, घराला कुलूप होतं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला इकडे पाठवलं होतं. त्यानं सरळ शेठजींच्या गादीसमोर जाऊन माझं नाव घेतलं. शेठजींचा चेहरा उतरला.

"काय केलं यानं?"

"काही नाही केलं. वर्तणूक कशी आहे ते विचारायचं आहे."

"वर्तणूक चांगली आहे. का?"

"परदेशी चाललेत ना ते," हवालदार म्हणाला.

मी माझ्या टेबलामागे उभा होतो. मध्ये फक्त एक लाकडी कठडा होता. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हवालदाराला बसवलं, चहा मागवला, आणि माझ्या चारित्र्याबद्दल असं काही भरभरून सांगितलं, की मला लाजल्यासारखं झालं. हवालदार गेल्यावर ते उठून आत निघून गेले. त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. "सरकीचं बिल." "बँकेत जा." एवढंच. पूर्वी ते मला भाऊ म्हणत, ते बंद झालं. मला वाटलं होतं ओरडतील, त्याची मी तयारीही केली होती. हे गप्प बसणं जास्त जड गेलं.

शेवटी मीच एकदा गादीजवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "शेठजी, मी आधी सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ते म्हणाले. मग विचारलं, "पगार जास्त आहे म्हणून जातोस?"

"तेही आहे. पण मला बघायचं आहे, मोठं काम कसं चालतं ते."

त्यांनी समोरची वही पुढे ओढली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी हाक मारली, "भाऊ, ते वजनकाट्याचं काय झालं?" मला एकदम मोकळं वाटलं.

साधारण दिवाळीनंतर भाईचं पत्र आलं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि तो सुट्टी घेऊन येणार होता. त्याच सुमारास त्याचे चीफ अकाउंटंट माणसं निवडायला मुंबईत असणार होते. भाईनं त्यांना सहज लग्नाचं निमंत्रण दिलं, तर त्यांनी ते खरंच स्वीकारलं. त्यांना हिंदुस्थानातलं लग्न बघायचं होतं. मुंबईहून आग्रा रोडनं गाडी करून ते धुळ्याला येणार होते. पत्राच्या शेवटी भाईनं लिहिलं होतं, "साहेब म्हणतात, तुमच्या त्या कापूसवाल्याला तिथंच भेटतो. मुंबईच्या हॉटेलात रांगेत बसण्यापेक्षा बरं."

मी रजा मागायला गेलो आणि कारण खरं सांगितलं. शेठजी म्हणाले, "मलाही धुळ्याला सरकीच्या सौद्याचं काम आहे. माझ्या गाडीतून चल."

धुळ्याला त्यांचं काही काम नव्हतं. हे मला एरंडोलच्या पुढे कळलं. मी विचारलं, "सौदा कोणाबरोबर आहे?" ते खिडकीतून केळीच्या बागा बघत म्हणाले, "मुलगी देताना आपण घर बघतो का नाही? मी माणूस देतोय. बघून तरी येतो."

बायको आधीच माहेरी पोचली होती. चाचांनी कोट तयार ठेवला होता. तो मी घातला आणि आरशात बघितलं, तर मला माझ्या जागी तो वकीलच दिसला. बायको म्हणाली, "छान दिसता. फक्त बातम्या देऊ नका."

मांडव गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घातला होता. निकाह सकाळीच झाला होता आणि आता जेवणाच्या पंगती चालू होत्या. साहेब आले तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गाडीमागे धावली. उंच, लालबुंद, डोक्यावर पातळ पांढरे केस. गळ्यात कुणीतरी गुलाबाचा हार घातला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. चाचांनी त्यांना दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांजवळ, सावलीत, मोठ्या खुर्चीवर बसवलं. साहेबांनी बिर्याणीचं ताट बघून पोटावर हात ठेवला. मुंबईत काहीतरी खाऊन त्यांचं पोट बिघडलं होतं. आमचे शेठजी तर तिथं शिजलेलं काही खाणारच नव्हते. चाचांना हे दोन्ही पाहुणे उपाशी जाणार म्हणून फार वाईट वाटलं. मग त्यांनी केळ्यांची एक अख्खी फणी आणून दोघांच्या मध्ये ठेवली.

अशा रीतीनं मी मुलाखतीला गेलो, तेव्हा माझे होणारे साहेब आणि असलेले मालक शेजारी बसून केळी खात होते.

भाईनं ओळख करून दिली. मी "गुड आफ्टरनून, सर" म्हणालो. साहेबांनी हसून मला काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. ते स्कॉटलंडचे होते हे मला पुढे समजलं. त्यांचं इंग्रजी रेडिओवरच्या इंग्रजीचं दूरच्या नात्यातलंही नव्हतं. शब्द घशात कुठेतरी निघत आणि दातांपाशी येऊन अडकत. मी भाईकडे बघितलं. भाई खालच्या आवाजात म्हणाला, "विचारतायत, प्रवास कसा झाला."

"व्हेरी गुड, सर. आय केम विथ माय एम्प्लॉयर."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. हळूहळू बोलायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा मला कळायला लागलं.

"तुमचे मालक? ते कुठे आहेत?"

मी शेजारी बोट दाखवलं. शेठजींनी हातातलं केळं खाली ठेवून नमस्कार केला.

"तुमचे मालक तुमच्या मुलाखतीला आलेत?"

"हो सर. त्यांना तुम्हाला बघायचं होतं."

साहेब खुर्चीत मागे टेकले आणि मनापासून हसले. मग म्हणाले, "माझ्या खिशात प्रश्नांचा कागद आहे, पण तो राहू दे. मी यांनाच विचारतो. तुम्ही भाषांतर करा."

मी बायकोबरोबर कितीतरी संध्याकाळी तयारी केली होती. त्यातला एकही प्रश्न तिथं आला नाही.

"काय म्हणतो?" शेठजींनी विचारलं.

"मी कामाला कसा आहे ते विचारतायत."

"सांग, चांगला आहे. वेळेवर येतो, चोख आहे." मी सांगितलं. "आता सांग, हट्टी आहे."

मी थांबलो.

"सांग की."

"ही सेज आय अॅम स्टबर्न, सर."

"कसा हट्टी?" साहेबांनी विचारलं.

शेठजी सरसावून बसले. "मागच्या हंगामात माझ्या मेहुण्यानं कापूस पाठवला. यानं त्याचं बिल परत पाठवलं, वजनाची पावती जोडली नाही म्हणून. मेहुणा माझा. मी सांगितलं, राहू दे, मंजूर कर. तर हा म्हणतो, पावती आल्यावर करतो. घरात माझी बायको महिनाभर धड बोलत नव्हती माझ्याशी. सांग हे सगळं."

माझे कान गरम झाले होते. कोटाच्या आत घाम वाहत होता. तरी मी वाक्यामागून वाक्य सांगत गेलो. आणि गंमत अशी, की स्वतःची तक्रार सांगताना माझं इंग्रजी पहिल्यांदाच सरळ चाललं होतं. शब्द शोधायला वेळच नव्हता.

"मग पावती आली का?" साहेबांनी विचारलं.

"आली," शेठजी म्हणाले.

"वजन बरोबर होतं?"

शेठजींनी इकडे तिकडे बघितलं. "थोडं कमी होतं," ते म्हणाले. मग मेहुण्याबद्दल एक शब्द वापरला, आणि म्हणाले, "ही गोष्ट जळगावला जायला नको, म्हणावं."

साहेबांनी भाईला विचारलं, "यांनी सगळं बरोबर सांगितलं का?"

"एक शब्द सोडला, सर," भाई म्हणाला. "शेठजी मेहुण्याला जे म्हणाले तो."

साहेब पुन्हा हसले. एवढ्यात चाचा माझ्या मागे येऊन उभे राहिले. माझ्या बाहीवर कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा तसाच राहिला होता. त्यांनी तो शांतपणे ओढून काढला, बाही झटकली आणि निघून गेले.

मग साहेबांनी एकच प्रश्न मला स्वतःला विचारला. "समजा साइटवरून निरोप आला, की सिमेंटच्या गोण्या भिजून वाया गेल्या. तुम्ही ते कुठल्या खात्याला टाकाल?"

मी जरा विचार केला. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "सर, आधी मी जाऊन बघेन, खरंच भिजल्यात का."

भाई स्टोअरकीपर होता, असल्या गोण्या त्याच्याच ताब्यात. तो एकदम वर छताकडे बघायला लागला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढून माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं.

मला वाटलं संपलं. पण शेठजींचं संपलं नव्हतं. "आता माझे प्रश्न विचार त्यांना," ते म्हणाले. "तिकडं साधं जेवण मिळतं का? राहायचं कुठं? आजारी पडला तर दवाखाना कोणाचा? मन रमलं नाही तर परत पाठवणार का अडकवून ठेवणार?"

मी साहेबांना म्हणालो, "सर, यांना काही विचारायचं आहे, पण त्याची गरज नाही."

"गरज आहे," साहेब म्हणाले. "मला त्यांचा आवाज कळतोय."

आणि मग माझ्या मालकांनी माझ्या साहेबांची मुलाखत घेतली. साहेबांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. जेवणाबद्दल म्हणाले, केरळचा आचारी आहे, भात-भाजी मिळेल. राहायला एका खोलीत दोघं. दवाखाना कंपनीचा. मन रमण्याबद्दल तर लगेच म्हणाले, "पहिले तीन महिने कुणाचंच रमत नाही. माझंही रमलं नव्हतं. परत जायचं म्हणाला तर मी अडवणार नाही." हे मी शेठजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि फणीतलं सगळ्यात मोठं केळं तोडून साहेबांच्या हातात दिलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय वाटलं तुम्हाला?"

"माणूस बरा आहे," शेठजी म्हणाले. "खोटं बोलायला वेळ लागला असता, तो त्यानं घेतला नाही." पारोळा मागे गेलं. मग म्हणाले, "तुझ्या जागी कोणाला घेऊ ते तूच बघून दे. आणि महिनाभर त्याला शिकव. माझा मेहुणा अजून कापूस पाठवतो."

त्यानंतर बरेच दिवस काहीच आलं नाही. मी रोज संध्याकाळी बायकोला "काही आलं का" विचारायचो आणि ती "वीजबिल" म्हणायची. मला वाटायला लागलं, की साहेबांनी सगळा प्रकार एक करमणूक म्हणून घेतला असणार. कुठल्या मोठ्या कंपनीत असा माणूस घेतात? बायकोनं मात्र तेवढ्यात बी.एड.चा अर्ज भरून टाकला होता. मी म्हणालो, "माझं झालं नाही तर?" ती म्हणाली, "तर तुम्ही इथं स्वयंपाक करायला शिका, मी धुळ्याला शिकते."

पत्र आलं ते शेठजींच्याच पत्त्यावर, कारण अर्जातल्या अनुभवाच्या ओळीत जिनिंगचा पत्ता होता आणि कंपनीनं तोच उचलला होता. त्यांनी ते न फोडता माझ्या टेबलावर ठेवलं आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मी वाचलं. नेमणूक झाली होती, दोन वर्षांच्या करारानं. मी मान वर केली तर शेठजी म्हणाले, "मिठाई मी मागवतो. तू घरी जाऊन आधी तिला सांग."

मी सायकल काढली. बायको ओट्यावर शेजारणीशी बोलत होती. माझा चेहरा बघून ती उठली. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, "आता खरंच जाणार तुम्ही." इतके महिने सगळं तिनंच पुढे रेटलं होतं, आणि आता तिचे डोळे भरले होते. आम्ही आत गेलो. तिनं चहा केला. साखर घालायला विसरली आणि आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

मी दोन वर्षं तिकडे होतो. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पहिले तीन महिने गेले नाहीत, ओढावे लागले. नंतर रमलो. मोठं काम कसं चालतं ते बघितलं. पुष्कळसं ते आमच्या जिनिंगसारखंच चालतं, फक्त कागद जास्त असतात आणि मेहुणे लांबचे असतात. करार वाढवता का, असं विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. साहेबांनी अडवलं नाही.

जळगावला परत आलो, तेव्हा बायको मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली होती. सकाळी सातला तिची शाळा असे. मला स्वतःचं करसल्लागाराचं ऑफिस काढायचं होतं, पण जागा मिळायला काही महिने गेले. तेवढे दिवस मी घरी होतो. तिकडच्या मेसमधल्या आचाऱ्याकडून मी सांबार शिकून आलो होतो. पहिल्या सोमवारी ती शाळेतून दमून आली, तर मी पाट मांडून ठेवला होता. भात, सांबार, वर खोबऱ्याची चटणी. ती हातपाय धुऊन बसली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मी समोर उभा राहून बघत होतो.

"छान झालंय," ती म्हणाली. "उद्या आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी शिकवते तुम्हाला."